साठ मेंढरं आणि सुभेदार

मी फोन भिंतीवर फेकला नाही, गादीवर फेकला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण गावात भलतंच पसरलंय. लालासाहेब सुभेदाराचं डोकं फिरलंय, एका मेंढरापायी त्यानं तीन फोन फोडले, असं लोक पारावर बसून बोलतात. तीन नाही, एकच फुटला, आणि तोही गादीवरून घरंगळून खाली पडला म्हणून. आता त्या वेळी मी रागात होतो हे मान्य.

ही आग लावली आमच्या चिरंजीवांनी. धैर्यशील पुण्याला नोकरीत असतो. दिवाळीला आला आणि चार दिवस आमच्या दोघांकडं बघत बसला. मी ओसरीच्या या टोकाला पेपर वाचतोय, त्याची आई, म्हणजे आमच्या चंद्राबाई, त्या टोकाला शेंगा फोडतायत. दिवसभरात "वाढू का?" आणि "वाढ" एवढंच काय ते बोलणं. मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. अठ्ठावीस वर्षं फौजेच्या बरॅकीत पन्नास जणांच्या गोंगाटात काढली की माणसाला गप्प बसणं गोड लागतं. पण पोराला काय वाटलं कुणास ठाऊक. जाताना त्यानं आमच्या दोघांच्या फोनवर एक खेळ घालून दिला आणि म्हणाला, "लय अवघड हाय बरं का, आण्णा. तुमास्नी काय झेपायचा न्हाई."

सुभेदाराला असं म्हणायचं नसतं.

खेळाचं नाव 'साठ मेंढरं'. दिवाळी झाली की माणदेशातले मेंढपाळ कळप घेऊन कोकणात उतरतात, तीच वाट या खेळात आहे. दहिवडीकडच्या माळावरून निघायचं. साठ मेंढरं, पुढं एक शेळी, मागं एक कुत्रं. नऊ मुक्काम करत, घाट उतरून कोकणात पोचायचं. एका बोटानं शेळीला वाट दाखवायची, दुसऱ्या बोटानं कुत्रं फिरवायचं. ऐकायला पोरखेळ आहे. पण वाटेत कॅनॉल आहे, हायवे आहे, कारखान्याच्या ट्रॉल्या आहेत आणि तिसऱ्या मुक्कामापासून दोन्ही अंगांना ऊस आहे. एक मेंढरू उसात शिरलं की फेटेवाला ऊसमालक काठी घेऊन येतो आणि सगळा कळप उधळून लावतो. की खेळ खलास. आठ मुक्काम पार करून नवव्याला चुकलात तरी पुन्हा पहिल्यापासून, दहिवडीच्या माळावरून.

वर दर वेळी एक म्हातारी आतून बोलते, "गेलं का? जाऊं द्या. या परत." शिवी दिली असती तर चाललं असतं. पण तिच्या आवाजात अशी काही कीव असते की अंगाचा तिळपापड होतो. मी वीस-वीस वर्षांच्या जवानांना उन्हात पळवलेला माणूस, आणि ही बाई मला सांगते, या परत.

मला त्या ऊसमालकाचाही राग होता. आम्ही स्वतः ऊसवाले, कराडच्या खाली कृष्णाकाठाला साडेतीन एकर रान. आम्ही असे काठ्या घेऊन कुणाच्या मागं पळत नाही. म्हणजे एकदाच पळालो होतो, आणि तेव्हा मेंढरं खरोखरच आमच्या उसात होती.

दोन मिनिटं बघू म्हणून बसलो ते चहावर साय धरली. दुपारी मोटर चालू करायची राहिली. शेजारचे नानासो हे बघून हसले, मग त्यांनीही तो खेळ घेतला, तिसऱ्या दिवशी वैतागून काढून टाकला आणि चौथ्या दिवशी परत घेतला. आता त्यांचं बोलणं बंद झालंय, नुसते "ट्रॉली, ट्रॉली" करत फिरतात.

चंद्राबाई मात्र गुपचूप खेळत होत्या. एक दिवस शेंगा फोडता फोडता मला म्हणाल्या, "आवं, हायवे कसा वलांडला तुमी?"

मी पेपर खाली ठेवला. "तू हायवेपतोर पोचलीस?"

"कवाच. पर बस आली की शेळीच थांबतीया."

"थांबू द्यायचं न्हाई. बस गेली की ट्रक यायच्या आत काढायची. असं बघ," म्हणून मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. दोन तास तिथंच बसलो. मध्येच तिनं सांगितलं की कॅनॉलवर पूल शोधत बसायचं नसतं, पाटकरी पाणी बंद करतो तेवढ्यात खालनं कळप न्यायचा. मी चार दिवस पूल शोधत होतो. ते मी तिला सांगितलं नाही.

आणि मग पैज लागली.

विहिरीजवळ आमची दहा गुंठ्यांची उसाची पट्टी आहे. तिथं शेळ्यांचा गोठा घालायचा हे चंद्राबाईचं फार जुनं म्हणणं. तिचं माहेर माण तालुक्यातलं, पाऊस पडला तर पीक, नाही तर शेरडं-करडं यावर चालणारं घर. लग्न होऊन आली तेव्हा सोबत एक शेळी घेऊन आली होती, काळी, पांढऱ्या कानांची. आमच्या आईनं आठ दिवसांत ती परत धाडली. ऊसवाल्याच्या दारात शेळी शोभत नाही, म्हणाली. मी तेव्हा सुट्टीवर होतो, हे सगळं डोळ्यांनी बघत होतो आणि काही बोललो नाही. सुट्टी संपली, निघून गेलो. आईला जाऊन बारा वर्षं झाली, पण तिचा हुकूम मी तसाच चालू ठेवला होता. फौजेत हुकूम देणारा बदलला तरी हुकूम बदलत नाही.

"जो आदी कोकणात पोचंल, त्याच्या मनासारकं," चंद्राबाई म्हणाली. "मी पोचले तर त्या पट्टीत गोठा. तुमी पोचला तर खोडवा ठेवा, मी पुन्यांदा शेळीचं नाव काडायची न्हाई."

"पुन्यांदा म्हंजी कंदीच न्हाई?"

"कंदीच न्हाई."

मी तिथंच तिच्याशी हात मिळवला. पस्तीस वर्षांत बायकोशी हात मिळवण्याची ती पहिलीच वेळ.

आता माझी एक सवय सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळंच घडलं. मी मोजतो. फौजेत रोज संध्याकाळी गिनती असते, माणसं उभी करायची आणि मोजायची, एक कमी भरला तर सगळी कंपनी जेवणाशिवाय उभी. ती सवय अंगात भिनली. मी जिन्याच्या पायऱ्या मोजतो, झाडावरचे नारळ मोजतो, पाहुण्यांच्या चपला मोजतो. धैर्यशीलच्या लग्नात वऱ्हाडाची गाडी निघायच्या आधी मी एकशे चौदा माणसं रांगेत उभी करून दोनदा मोजली होती. दुसऱ्यांदा एकशे तेरा भरली म्हणून तिसऱ्यांदा मोजली. मुहूर्त चुकता चुकता राहिला आणि चंद्राबाईचे भाऊ अजून माझ्याशी तुटकच बोलतात.

खेळात या सवयीचा मला फायदाच होत होता. मुक्कामाला कळप आपोआप बसतो, तिथं मी बोटानं एकेक मेंढरू मोजायचो, साठ भरली की पुढं कूच. बाकीचे लोक घाईनं मरत होते, मी शिस्तीनं चाललो होतो. जानेवारी लागला तेव्हा मी नवव्या मुक्कामाला पोचलेला होतो. फक्त घाटाची उतरंड राहिली होती. रोज एकदा तरी तिथपर्यंत जायचो, खाली कोकणातली नारळाची झाडं दिसायची आणि कुठंतरी शेवटच्या वळणाला घोटाळा व्हायचा. आज नाही तर उद्या जमणार होतं. चंद्राबाईला मी ते रोज ऐकवत होतो. तीही रोज विचारत होती, "आज कुटवर गेलासा?"

त्याच सुमाराला तिचा गुडघा दुखायला लागला म्हणून ती सांगलीला डॉक्टरकडं जाऊन आली. मी सोबत येतो म्हटलं तर म्हणाली, "नगं. तुमी खेळा." समजूतदार बाई, असं मला तेव्हा वाटलं.

संक्रांतीच्या दिवशी खेळात सुधारणा झाली. फोनवर तसा निरोप आला, मी हो म्हटलं, आणि उघडून बघतो तर स्क्रीनच्या तळाला एक नवीन पांढरं बटण. त्यावर लिहिलेलं, 'मोजा'.

माझ्यासाठी देवच धावून आला असं मला वाटलं. आता मुक्कामाची वाट बघायला नको, चालत्या कळपाची कुठंही गिनती करता येणार. ऊसमालकाला पांढऱ्या झुपकेदार मिशा आणि अंगात खाकी जर्सीही आली होती. ते काही मला आवडलं नाही, पण बटणाच्या आनंदात मी तिकडं काणाडोळा केला.

आणि तिथून माझे हाल सुरू झाले. तिसऱ्या मुक्कामाला उसाची हद्द लागली की मी बटण दाबायचो. कळप थांबायचा. वर आकडा यायचा, एकोणसाठ. एक कमी! मी कुत्रं मागं पिटाळायचो, मेंढरू शोध. कुत्रं माग काढत लांब जायचं, तेवढ्यात कळपाची डावी बाजू उसात शिरायची आणि खाकी जर्सीवाला काठी घेऊन हजर. "गेलं का? जाऊं द्या. या परत."

परत गेलो. परत एकोणसाठ. नवव्या मुक्कामाचा माणूस तिसऱ्यावर येऊन पडला आणि तिथून दोन महिने हलला नाही. मी शेळीला दोष दिला, कुत्र्याला दिला, बोटाला दिला, फोनच्या काचेला दिला. फोन फुटला तो याच दिवसांत. नवीन घेतला, त्यातही एकोणसाठच. चंद्राबाई शेजारी बसून बघायची, तोंडाला पदर लावून. मला वाटायचं, माझ्या दुःखानं तिला भरून येतंय.

"तुजं कुटवर आलं?" मी विचारायचो.

"हाय आपलं, चाललंय," ती म्हणायची.

मार्च उजाडला. विहिरीजवळच्या पट्टीतला ऊस तुटून गेला होता, राहिलेल्या बुडख्यांतून खोडव्याला कोंब फुटले होते, आणि मी हट्टानं त्याला पाणी देत होतो. ती काही म्हणत नव्हती, पण येता-जाता त्या पट्टीकडं बघायची. एखाद्या दिवशी ती सहज जिंकून जाईल आणि आपण नातवंडांना सांगणार काय, या विचारानं मला अन्न गोड लागेना. शेवटी मी खेळाच्या माहितीचं पान उघडलं. खेळ करणारीचं नाव अंकिता, पत्ता माधवनगर, सांगली. म्हटलं, शत्रूच्या मुख्यालयावरच धडक मारायची.

घरी सांगितलं, "साताऱ्याला जाऊन येतो. सैनिक बोर्डात काम हाय."

"जावा की," चंद्राबाई म्हणाली आणि डबा बांधून दिला. मी कराडच्या स्टँडवर गेलो आणि साताऱ्याच्या उलट्या दिशेची, सांगलीची गाडी धरली. गाडीत सगळा वेळ तक्रार पाठ करत होतो. मुद्दा एक, गिनती चुकीची येते. मुद्दा दोन, ऊसवाल्यांची बदनामी. मुद्दा तीन, म्हातारीचा आवाज.

माधवनगरात जुन्या गिरणी कामगारांच्या खोल्यांची एक रांग आहे, तिथं शेवटच्या खोलीच्या दारात एक ऐंशीच्या घरातली बाई पाय पसरून बसली होती. मला बघून म्हणाली, "कोन पायजे? या, बसा."

तोच आवाज. चार महिने रोज पन्नास वेळा ऐकलेला. मी नकळत सावधानमध्ये उभा राहिलो.

"तक्रार हाय," मी म्हणालो. पाठ केलेले मुद्दे सगळे विसरलो होतो.

"खेळाची व्हय? कितव्या मुक्कामाला जातंय तुजं?"

"तिसऱ्या."

"तिसऱ्या!" म्हातारी मागं वळून ओरडली, "अंकिते, भाईर ये गं! ह्यो बाबा दोन पायावर चालत आलाय आन् तिसऱ्याला मरतोय."

अंकिता बाहेर आली. तिशीच्या आतली पोरगी, चष्मा, केसांत पेन्सिल खोचलेली. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आपली ओळख सांगितली. मूळची माण तालुक्यातली, मेंढपाळ घरातली. सांगलीला इंजिनिअरिंगला आली ती इथंच राहिली. म्हातारी म्हणजे तिची आजी, बयाबाई. बयाबाईनं उभं आयुष्य कळपामागं चालून काढलेलं. खेळातली वाट तिनं सांगितली, आवाज तिचा, आणि कुठलीही नवीन गोष्ट घातली की आधी तीच खेळून बघते.

"खेळा की काका, बघू कुठं चुकतंय," अंकिता म्हणाली.

मी फोन काढला. दोघी दोन बाजूंनी वाकल्या. माळ ओलांडला, कॅनॉल ओलांडला, ऊस लागला. मी बटणाकडं अंगठा नेला तशी बयाबाईनं माझ्या हातावर चापट मारली. खरीखुरी. सुभेदाराच्या हातावर.

"ते कशाला दाबतुयास?"

"मोजायला."

"चालतं मेंढरू मोजत्यात व्हय?"

"मग कळनार कसं, समदी हायत का न्हाई?"

"बघून! त्यो काळ्या तोंडाचा बग, सारका मागं ऱ्हातोय. ही लंगडी. ही दोगी मायलेकी. न्हाई तर घरात जेवाय बसल्यावर तू काय बायकापोरं मोजतुस?"

मोजतो, असं मी म्हणालो नाही.

अंकितानं मग समजावून सांगितलं. कळप वाटेत थांबवला की एक मेंढरू दुसऱ्याच्या आड जातं, म्हणून एकोणसाठच दिसतात. साठावं तिथंच असतं. माणूस घाबरून कुत्रं मागं पाठवतो, बाजू उघडी पडते आणि कळप उसात शिरतो. ते बटण म्हणजेच सापळा होता. न दाबणारा माणूस सहज पुढं जातो.

"आसलं खोटं बटन कुनाच्या डोक्यातनं निगालं?" मी गरजलो. "पयल्यांदा न्हवतं हे!"

"नव्हतंच. एका काकूंनी सुचवलं. जानेवारीत आल्या होत्या मुद्दाम, तुमच्याच कराडकडच्या. चंद्राकाकू." बोलता बोलता तिनं माझ्या मिशांकडं बघितलं, मग खाली माझ्या अंगातल्या खाकी जर्सीकडं, आणि तिचा चेहरा बदलला. "काका, तुम्ही फौजेत होता का?"

माझा हात आपोआप मिशीवर गेला. त्या पोरीनं तोंडावर हात दाबला आणि ती आत पळाली. आतून तिच्या हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

बयाबाई मात्र शांतपणे सांगत राहिली. "लय गुनाची बाई. आमच्या मानदेशातली. म्हनली, आमच्या मालकांस्नी मोजल्याबिगर ऱ्हावत न्हाई, तवा मोजायचं कायतरी घाला. पोरीला लय आवडलं. आता समद्या म्हाराष्ट्रात लोक त्या बटनावर मरत्यात." म्हणजे माझ्या एका खोडीपायी नागपूरपासून सावंतवाडीपर्यंत माणसं साठाव्या मेंढरावर डोकं आपटून घेत होती. मिशांचं मी विचारलंच नाही.

परतीच्या गाडीत इस्लामपूरपर्यंत मी रागानं नुसता धुमसत होतो. दहा गुंठे रान आणि दोन शेळ्यांसाठी नवऱ्याला असं फसवायचं? तेही गुडघ्याचं निमित्त काढून? इस्लामपूरला राग जरा निवला तसा फोन काढला आणि बटण न दाबता खेळून बघितलं. कराड यायच्या आत सहाव्या मुक्कामाला पोचलो. मग ठरवलं, तिला आज काहीच कळू द्यायचं नाही. उद्या सकाळी तिच्यासमोर बसून जिंकायचं आणि मग तोफ डागायची.

घरात पाऊल टाकलं तर चंद्राबाई म्हणाली, "कंदी पेडं आनलं न्हाईत व्हय साताऱ्याचं?"

"संपलं हुतं."

"साताऱ्यात पेडं संपलं?" असं म्हणून तिनं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं आणि पाणी आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी ओसरीवर मांडी ठोकली. "चंद्रा, हिकडं ये. आज निकाल लावतो."

ती आली, शेजारी बसली. मी निघालो. माळ, कॅनॉल, हायवे. ऊस लागला आणि अंगठ्याला अशी खाज सुटली की विचारू नका. एक कमी असला तर? दोन कमी असले तर? अठ्ठावीस वर्षं अंगात मुरलेली गोष्ट अशी एका दिवसात जात नाही. मी बटणावरून नजर काढली आणि मेंढरांकडं बघायला लागलो. काळ्या तोंडाचा तो, नेहमीप्रमाणं मागं. लंगडी मधोमध. मायलेकी एकमेकींना चिकटून. एक मेंढरू प्रत्येक झाडाखाली क्षणभर थांबत होतं, आणि ते मी आज पहिल्यांदा बघत होतो. चार महिने मी त्यांना हाकत होतो, पण त्यातलं एकही मला माहीत नव्हतं.

ट्रॉल्या गेल्या, नदीवरचा पूल गेला, घाट लागला. चंद्राबाई श्वास रोखून बसली होती. शेवटचं वळण आलं. शेळी उतरली, कळप उतरला, मागून काळ्या तोंडाचा आला आणि सगळ्यात शेवटी कुत्रं. समोर नारळाची झाडं.

"पोचलासा का? बसा आता. पानी प्या," फोनमधली बयाबाई म्हणाली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कशाला खोटं बोलू, आलं.

चंद्राबाईकडं बघितलं तर तिचा चेहरा पडलेला. "झालं म्हनायचं," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली.

मला तेवढंच पाहिजे होतं. मी तोफ डागली. "बस खाली! मी काल साताऱ्याला गेलो न्हवतो. सांगलीला गेलो हुतो, माधवनगराला. समदं कळलंय मला. मोजायचं बटन कुनी घालाय लावलं ते बी कळलं! दोन शेरडांसाठी एवडं कारस्थान? नवऱ्याला दोन महिनं येडा केलास तू!"

ती घाबरेल असं वाटलं होतं. ती परत खाली बसली आणि शांतपणे म्हणाली, "शेरडांसाठी?"

"मग कशासाठी?"

तिनं कमरेचा फोन काढला, खेळ उघडला आणि माझ्यापुढं धरला. तिच्या कळपाच्या वर नारळाचं झाड होतं. माझ्या फोनवर आत्ता जिंकल्यावर उगवलेलं तसलंच. खाली तारीख होती, आठ जानेवारी.

मी चष्मा पुसून परत बघितलं. आठ जानेवारीच. ती सांगलीला गेली दहाला. बटण आलं संक्रांतीला. म्हणजे बटण येण्याच्या आधीच ही बाई कोकणात पोचलेली होती, गोठा जिंकून बसलेली होती, आणि तरी दोन दिवसांनी माझी वाट अडवायला एसटीनं सांगलीला गेली होती.

"मग बोलली का न्हाईस?" मी विचारलं. "पट्टी तुजीच झाली हुती की."

"बोलले आसते तर तुमी खेळ बंद केला आसता. आन् तुमी जिकला आसता तरी बंदच. परत पेपर घिऊन त्या टोकाला." तिनं फोनची काच पदरानं पुसली. "तुमी मला कवा कायतरी इचारलं हुतं का? पस्तीस वर्सं झाली. फौजेत हुता तवा पत्रात बी लिवायचा, 'मजेत आहे, तू मजेत असावीस.' ह्या खेळापायी रोज शेजारी येऊन बसाय लागला. हायवे कसा वलांडला, कॅनॉल कसा केला, तुजं कुटवर आलं. शेळ्या काय, म्हसवडच्या बाजारात कवाबी मिळत्यात."

मला लाज वाटली. शेळी परत धाडली त्या दिवशी वाटायला हवी होती, ती आत्ता वाटली.

मी उठलो, विहिरीवर गेलो, मोटर बंद केली आणि खोडव्याचं पाणी तोडलं. खोऱ्यानं चार-सहा बुडखेही उकरून काढले, तिला ओसरीवरून दिसतील असे. मग परत आलो आणि तिच्या शेजारी बसलो.

"किती आनायच्या?" मी विचारलं.

"दोन."

"दोन कसल्या? चार आनू."

"चार कशाला? चारा कोन आननार? दोन बास."

"मी आनतो की चारा. चार. त्यातली एक काळी पायजे, पांढऱ्या कानांची."

ती माझ्याकडं बघत राहिली. त्या शेळीचं मला आठवत असेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "काळी ऱ्हाऊ द्या. काळी लय वांड आसती. आन् गोठ्याचं तोंड पूर्वेला पायजे."

"पूर्वेला कसं जमंल? तिकडं इहीर हाय."

"म्हनूनच पूर्वेला!"

यावरून आमचं जे सुरू झालं ते थांबेना. मी खडूनं ओसरीवर गोठ्याचा नकाशा काढला, तिनं तो पुसून दुसरा काढला. चूल पेटवायची राहून गेली. त्या दिवशी आम्हाला जेवायला साडेतीन वाजले.